व्हायोलिनच्या पाठीवर हात

आजोबांनी रिमोटचं बटण दाबून टीव्हीचा आवाज बंद केला आणि नातीला म्हणाले, "आता नीट बघ हं."

पडद्यावर एक बाई हातात कंदील घेऊन जिना चढत होती. सिनेमा जुना, काळा-पांढरा. बाई एक पायरी चढायची, थांबायची, मान वळवून मागे बघायची आणि पुन्हा चढायची. वर माळ्याचं बंद दार होतं. नात मांडी घालून बसली होती. तिसऱ्यांदा बाई थांबली तशी तिला हसू फुटलं.

"आजोबा, ही काहीतरी विसरलीय!"

"काय विसरली असेल?"

"चष्मा. म्हणून सारखी मागे बघतेय."

"बरं. आता तेच परत बघू." त्यांनी सिनेमा मागे घेतला आणि आवाज सुरू केला.

आधी काहीच नव्हतं. मग खालून कुठून तरी चेलोचा, व्हायोलिनच्या थोराड भावाचा, एक जाड सूर आला, कुणी जड पेटी फरशीवरून ओढत न्यावी तसा. त्याच्यावर, आहे की नाही असं वाटावं इतकं बारीक, एक व्हायोलिन. बाई एक पायरी चढली की व्हायोलिन एक सूर वर चढायचं. बाई थांबली की तेही थांबायचं. दार जवळ आलं. बाई थांबली. व्हायोलिन मात्र आणखी एक पायरी चढलं.

नातीने पाय उचलून पोटाशी घेतले.

"आता सांग, चष्मा विसरलीय का?"

"नाही." तिचा आवाज एवढासा झाला होता. "तिच्याआधी वर कुणीतरी गेलंय. बंद करा ना आजोबा."

आजोबांनी बंद केलं. ते खूश झाले होते. या एका पायरीवर त्यांचं सगळं नाव उभं होतं. त्यानंतर त्यांनी ढीगभर भयपटांना संगीत दिलं, ते सिनेमे लोक विसरले. पण हा जिना कुणी विसरलं नाही. रस्त्यावरची पोरं एकमेकांना घाबरवायला अजून तेच सूर गुणगुणायची आणि संगीताच्या धंद्यातली माणसं त्यांना 'जिनावाले मास्तर' म्हणायची.

"आणि भूत कुठंय?" नातीने विचारलं.

"भूत नाहीच. त्यांनी मुखवटा केला होता. पण तो असा काही झाला की सेटवरचे सगळे पोट धरून हसायला लागले. मग दिग्दर्शकाने दार उघडायच्या आतच सीन कापला. बघणाऱ्याने आपापलं भूत आणायचं. ज्याचं त्याला बरोबर माहीत असतं." ते पुढे झुकले. "डोळे मिटले की सिनेमा बंद होतो, ठमे. कान मिटत नाहीत. म्हणून आमच्यासारख्यांचं पोट चालतं."

मग नेहमीचा धडा झाला. कोपऱ्यात त्यांचा जुना चेलो होता. त्यांनी तो घेतला, नातीचा तळहात त्याच्या लाकडी पाठीवर टेकवला आणि तारांवरून गज ओढला. लाकूड थरथरलं. "सूर कानाने ऐकतात हे अर्धंच खरं. उरलेलं लाकडाला विचारायचं. कान फसतो. हात फसत नाही."

त्यानंतर दोघांचा लाडका खेळ. त्याचं नाव 'आवाज बंद'. एकाने तोंड हलवायचं, पण आवाज काढायचा नाही, दुसऱ्याने ओठ बघून ओळखायचं. नात 'साबण' म्हणाली, आजोबांनी 'कारण' ओळखलं. नातीने कपाळाला हात लावला.

ठमीची आई दारात उभी राहून हे बघत होती. आजोबांच्या पाठीमागे, बाल्कनीत, वॉशिंग मशीनचं काम संपलं होतं आणि ते कधीपासून पी-पी करत होतं. तिचे बाबा त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. ती गेली आणि तिने मशीन बंद केलं.

तिला कळून वर्ष होत आलं होतं. आधी वाटलं, बाबा नादात असतात. मग लक्षात आलं की फोनची घंटी, गॅसचा लायटर, पाखरांचा चिवचिवाट, जे जे बारीक आणि उंच आहे ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. बोलणं ऐकू यायचं. चेलो ऐकू यायचा. वरचं सगळं मात्र हळूहळू झडून गेलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

ती त्यांची मुलगी होती, तशीच त्यांची मदतनीसही. ते सुरावट लिहायचे, ती वादकांसाठी त्याच्या प्रती काढायची आणि रेकॉर्डिंगच्या वेळी काचेपलीकडे मशीनवर बसायची. गेलं वर्षभर बाबा व्हायोलिनला "अजून वर, अजून जोरात" म्हणत होते आणि ती मिक्सिंगमध्ये तो आवाज गुपचूप खाली आणत होती. बाहेर कुणाला काही कळलं नाही. उलट एका वर्तमानपत्राने लिहिलं, मास्तरांच्या हाताला या वयात नवी धार आली आहे. बाबांनी ते कात्रण फ्रिजवर लावलं होतं.

आता मात्र पंचाईत झाली होती. नव्या सिनेमाचा दिग्दर्शक दाढीवाला तरुण होता. लहानपणी तो जिना बघून पलंगाखाली लपला होता म्हणे, आणि मोठा झाल्यावर हट्टाने मास्तरांकडे आला होता. त्याच्या सिनेमातला मुख्य प्रसंग असा: एक कुटुंब जेवायला बसलंय, वरच्या रिकाम्या मजल्यावर कुणीतरी चालायला लागतं. त्यावर मास्तरांनी व्हायोलिनची एक ओळ लिहिली होती, जेवढी उंच जाता येईल तेवढी उंच. आणि ती ओळ मास्तर स्पीकरवर ऐकणार नव्हते. वादकांच्या मधोमध उभं राहून ऐकणार होते. तिथे मुलीचा हात पोचत नव्हता.

आदल्या दिवशी सराव झाला तेव्हा व्हायोलिनवाल्यांच्या दातांना कळ लागली होती. एकाने कानात कापूस घातला.

"तुम्ही झोपलात का सगळे?" मास्तर ओरडले. "लागतच नाहीये!"

"मास्तर, याहून जोरात वाजवलं तर गल्लीतली कुत्री दारात येतील," लांबू म्हणाला. लांबू हा मुख्य व्हायोलिनवादक. जिन्यातलं ते व्हायोलिन त्यानेच वाजवलं होतं, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते.

"येऊ देत. त्यांनाही कान आहेत."

सगळे हसले, मास्तरही हसले. मग म्हणाले, "उद्या नीट वाजवा."

म्हणून आज बाबा यायच्या आत मुलीने वादकांना चहाच्या टेबलाशी गोळा केलं.

"एक करायचंय. चेलो खरा वाजवा. व्हायोलिनवाल्यांनी मात्र वाजवल्यासारखं करायचं, नुसतं. गज तारेच्या वर, सुताभर. हळू वाजवलंत तर बाबा गज बघून ओळखतील, जोरात वाजवलंत तर कालसारखी तुमची तोंडं वाकडी होतील; नुसते गज जोरात चालले की ते मनातला सूर ऐकतील. खरी ओळ आपण उद्या ते नसताना घेऊ, बेताच्या आवाजात."

कुणी कपातून डोकं वर काढेना.

"पोरी, हे काही बरं नाही," लांबू म्हणाला. "त्यांना सांगून टाक."

"काय सांगू, लांबूकाका? तुम्ही लिहिलेला सूर तुम्हालाच ऐकू येत नाही, असं?"

"हो. असंच."

"मग तुम्ही सांगा."

लांबूने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"एवढं रेकॉर्डिंग होऊ दे," ती म्हणाली. "हा बहुतेक शेवटचाच सिनेमा. संपला की मी सांगते, आईशप्पथ. तोवर त्यांना त्यांच्या सुरात राहू द्या."

बाबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, ताजी दाढी करून. सगळ्यांना नमस्कार केला, एकाच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, आणि वादकांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मुलगी काचेपलीकडे बसली. शेजारी दाढीवाला हेडफोन लावून बसला. बाबांनी हात उचलला.

चेलो सुरू झाला. तो खोलवरून आला आणि खोलीची फरशी हलल्यासारखी वाटली. बाबांनी डावा हात व्हायोलिनच्या दिशेने वळवला. गज एकदम उचलले गेले आणि चालू लागले, खाली-वर, खाली-वर, सगळे एका तालात. तारांना एकही शिवला नाही.

काचेच्या त्या बाजूला वाकलेले खांदे, हलणारी मनगटं आणि त्यांच्या मधोमध डोळे मिटून हात वर वर नेणारा एक म्हातारा माणूस. हात अगदी डोक्याच्या वर गेला. मग त्यांनी मूठ मिटली. सगळे थांबले.

"हां!" बाबांनी डोळे उघडले. ते लहान मुलासारखे हसत होते. "आता लागला! बघितलंत? काल काय झालं होतं तुम्हाला?" त्यांनी शर्टाची बाही वर सारून हात पुढे केला. "हे बघा. काटा आलाय."

खरंच आला होता. पांढरे केस ताठ उभे होते. एक जण गजाला लावायची, खाली न पडलेली राळ शोधायला वाकला.

"मास्तर, मला इकडे व्हायोलिन बिलकूल..." दाढीवाल्याने माइकच्या बटणावर बोट ठेवलं होतं. मुलीने त्याचा हात धरून बाजूला केला.

"लांबू," बाबा म्हणाले, "तेवढा शेवटचा तुकडा परत घे रे. एकटाच. मला जवळून ऐकायचाय."

लांबूने काचेकडे बघितलं. मुलीला मान हलवता आली असती. 'वाजवा' म्हणता आलं असतं. तिला काहीच सुचलं नाही. लांबूने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि गज तारेच्या वर, सुताभर, चालवायला सुरुवात केली.

बाबा डोळे मिटून त्याच्याजवळ गेले. त्यांच्या चेहऱ्यावर सूर अजून होता. आणि मग, आयुष्यभराची सवय, त्यांनी तळहात खालून व्हायोलिनच्या पाठीला लावला.

आधी ते नुसते थबकले. मग त्यांनी हात जरा सरकवला. पुन्हा सरकवला, आजाऱ्याची नाडी सापडत नाही तेव्हा डॉक्टर बोटं सरकवतो तसा. डोळे उघडले. गजाकडे बघितलं, तारेकडे बघितलं, त्या दोहोंमधल्या फटीकडे बघितलं.

लांबूचा हात थांबला.

"मला तर ऐकू येत होतं," बाबा म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

कुणाची तरी खुर्ची करकरली.

"आता खरं वाजव."

"मास्तर..."

"वाजव रे. हात आहे माझा इथे."

लांबूने वाजवलं. काचेपलीकडे मुलीचे खांदे आपोआप वर गेले. दाढीवाल्याने हेडफोन ओरबाडून काढला. खोलीत सगळ्यांचे चेहरे आक्रसले, कापूसवाल्याने डोळे घट्ट मिटले. बाबांच्या तळव्याखाली लाकूड मुठीत धरलेल्या माशीसारखं भणभणत होतं. ते एकेका चेहऱ्याकडे बघत गेले. सगळ्यांना काहीतरी होत होतं, आणि त्यांना काहीच होत नव्हतं.

"वाजतंय?"

"वाजतंय, मास्तर."

"सुरात आहे?"

"सुरात आहे." लांबूने व्हायोलिन खाली घेतलं. "फार जोरात आहे."

"ते मीच सांगितलं होतं."

"हो."

मुलगी दार ढकलून आत आली. येताना काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं, आत येईस्तोवर ते राहिलं नाही.

"बाबा, मी सांगणार होते."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"आणि त्या बाकीच्या सिनेमांत?"

"मी आवाज कमी करत होते. मिक्सिंगमध्ये."

त्यांनी हळूहळू मान हलवली. फ्रिजवरचं कात्रण दोघांच्याही डोळ्यांसमोर आलं असणार. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते एका स्टुलावर बसले आणि अगदी साध्या आवाजात, एखाद्याने पत्ता विचारावा तसं, त्यांनी विचारलं, "आणखी काय काय मला वाजतंय असं वाटतं, आणि वाजत नाही?"

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

मग बाबा तिच्या मागोमाग आत आलेल्या दाढीवाल्याला म्हणाले, "तो जेवणाचा सीन लावा इथे. आवाज नको."

भिंतीवरच्या पडद्यावर सीन लागला. टेबलाभोवती मुलगा, सून, दोन नातवंडं आणि म्हातारी आई. सगळे जेवतायत. मुलगा मान वर करतो. मग सून. मग नातवंडं. चौघंही छताकडे बघतात. म्हातारी जेवत राहते.

"हिला ऐकू येत नाही?"

"नाही, तिचे कान गेलेत. पावलं फक्त बाकीच्यांना ऐकू येतात."

"आणि प्रेक्षकाला कुणाच्या शेजारी बसवलंत?"

दाढीवाला गोंधळला. "बाकीच्यांच्या. म्हणजे, पावलं त्यालाही ऐकू येतात."

"हिच्या शेजारी बसवा. पावलं काढा. माझं व्हायोलिन काढा, चेलोही काढा. चमच्यांचे आवाज राहू देत. ज्याची मान वर जाईल त्याचा चमचा थांबेल. शेवटी हिचा एकटीचा चालू राहील."

"बस? काहीच संगीत नाही? लोक म्हणतील थिएटरचा स्पीकर गेला."

"आधी तेच म्हणतील. शेजारच्याकडे बघतील. मग त्यांच्या मनात येईल, सगळ्यांना ऐकू येतंय, माझेच कान गेलेत." ते थांबले. "फार वाईट असतं ते. यापेक्षा मोठं भूत माझ्याकडे नाही."

दाढीवाल्याने सीन पुन्हा एकदा लावून बघितला. मग उठला आणि मास्तरांच्या पाया पडला. मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते आपला तळहात उलटा-सुलटा करून बघत होते.

निघताना लांबू दारात आडवा आला. "मास्तर, माझी चूक झाली."

"नाही रे. हात सुरात होता तुझा," ते म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर थोपटून बाहेर पडले.

त्या दिवसापासून घर शांत झालं. बाबा आधी सतत काहीतरी गुणगुणायचे, तोंड धुताना, बुटाची नाडी बांधताना. ते बंद झालं. चेलोला त्यांनी खोळ घातली. बेल वाजली की ते विचारायचे, "वाजली का?" आणि वाजलेली नसली तरी विचारायचे. वॉशिंग मशीनजवळून जाताना झाकणावर हात ठेवायचे. कधी कधी बोलता बोलता मध्येच थांबून खिडकीकडे कान द्यायचे, आणि मग मुलीकडे बघायचे. तिने मान हलवून 'नाही' म्हटलं की मान खाली घालायचे.

"आपण कानाचं मशीन लावू या," ती एकदा म्हणाली. "चांगली मिळतात आता. पोचेल सगळं."

"जे वाजतंय ते पोचेल. जे वाजत नाही तेही मला ऐकू येतं, त्याला कुठलं मशीन?"

तरीही तिने डॉक्टरांची वेळ घेतली. ते नको म्हणाले नाहीत. हो म्हणाले नाहीत.

ठमीला यातलं काही सांगितलं नव्हतं. आजोबांना बरं नाही, त्रास द्यायचा नाही, एवढंच. तिने काही दिवस दिला नाही. मग एका दुपारी शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि थेट आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. ते खिडकीपाशी बसले होते. आई वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात पोचली, आणि तिथेच थांबली.

ठमीचं तोंड हलत होतं. हातवारे करून, भुवया उंचावून, ती काहीतरी मोठ्या उत्साहाने सांगत होती. आवाज नव्हता.

बाबांचा चेहरा आधी वाट बघणारा होता. मग तो पांढरा पडला. त्यांचे डोळे नातीच्या ओठांवरून हलेनात. वडिलांनी लिहिलेली भीती मुलगी लहानपणापासून ऐकत आली होती. त्यांच्या चेहऱ्यावर ती आज पहिल्यांदा बघत होती. खाली कुठलाही चेलो वाजत नव्हता. तिला ओरडून सांगायचं होतं, बाबा, ती खेळतेय हो. पण छातीतून आवाज निघाला नाही, आणि निघून त्यांना तो ऐकू आला नसता तर, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

बाबांनी हात पुढे केला. नातीला जवळ ओढलं आणि तळहात तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, ठेवला.

पाठ स्तब्ध होती. श्वास तेवढा आत-बाहेर होत होता. तोंड हलतच होतं.

ते तसेच बसले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यात रक्त परत आलं.

"लबाडे," ते म्हणाले. "आवाज बंद का?"

"मग! किती वेळ लावलात ओळखायला!" ठमी खिदळली. "मी म्हणत होते, ती जिन्यातली बाई चष्मा विसरली!"

बाबा हसले. हसताना त्यांचे डोळे भरले होते, पण हात त्यांनी पाठीवरून काढला नाही.

"बोल आणखी."

"काय बोलू?"

"काहीही. शाळेचं सांग."

ठमीने सांगायला सुरुवात केली. बाकावर कोण कुणाच्या शेजारी बसलं, कुणाचं नाक फुटलं, बाई कुणाला ओरडल्या. आजोबा मान वाकवून, डोळे मिटून, तळहात तिच्या पाठीवर तसाच ठेवून बसले होते.

बाल्कनीत वॉशिंग मशीन पी-पी करायला लागलं. आई कपड्यांचा ढीग धरून दारात उभी होती. तिने ते वाजू दिलं.